कार्टेलवर बॉम्ब टाकून धंदा बुडतो का?

"आपण घुसून मारलंच ना? मग अमेरिकेनं मेक्सिकोत घुसून मारलं तर बिघडलं कुठं?" हर्णैच्या मासळी लिलावापासून रत्नागिरीच्या स्टँडसमोरच्या टपरीपर्यंत हा प्रश्न आता कुठेही कानावर पडतो. मेक्सिकोतून अमेरिकेत अमली पदार्थ पोचवणाऱ्या टोळ्यांवर, म्हणजे कार्टेलवर, अमेरिकेनं हवाई हल्ले करावेत का, हा तो वाद. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं. मारता येतं. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातलं, अमली पदार्थ बनवणारं एखादं शेड उडवणं अमेरिकेच्या हवाई दलाला मुळीच जड नाही. पण त्यानं धंदा बुडत नाही. आणि ज्या शेजाऱ्याच्या मदतीशिवाय तो बुडवता येणार नाही, तो शेजारी मात्र हातचा जातो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे लवकर पटेल असं वाटतं, कारण चोरटा माल कसा उतरतो आणि तो उतरताना कोण कोण डोळे मिटतं हे कोकणानं पाहिलेलं आहे.

आधी कायद्याचं काय ते बघू. २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी कार्टेलना परदेशी दहशतवादी संघटना ठरवण्याच्या आदेशावर सही केली. महिन्याभरात आठ टोळ्यांची यादी निघाली. त्यातल्या सहा मेक्सिकोच्या: सिनालोआ, हालिस्को न्यू जनरेशन, गल्फ, नॉर्थईस्ट, कार्टेलेस युनिदोस आणि ला नुएवा फमिलिया मिचोआकाना. हा शिक्का बसला की टोळीचा अमेरिकेत असलेला पैसा गोठतो. तिला जाणूनबुजून मदत करणारा, मग तो हिशेबनीस असो की ट्रकमालक, दहशतवादाच्या कलमाखाली येतो. बँका घाबरतात, आणि बँका घाबरणं हे कार्टेलला फार लागतं. पण दुसऱ्या देशाच्या जमिनीवर हल्ला करायची परवानगी या शिक्क्यातून मिळत नाही. त्यासाठी अमेरिकेत काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. १९७३ च्या वॉर पॉवर्स ठरावाप्रमाणे राष्ट्राध्यक्षानं सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबायचं. जानेवारी २०२३ मध्ये डॅन क्रेनशॉ आणि माइक वॉल्ट्झ या दोन खासदारांनी कार्टेलविरुद्ध लष्कर वापरण्याच्या मंजुरीचं विधेयक मांडलं होतं, ते तिथंच अडकलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं २(४) हे कलम दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई करतं आणि ५१ वं कलम स्वसंरक्षणाची सूट देतं, तीही सशस्त्र हल्ला झाला तर. अमली पदार्थांची विक्री म्हणजे सशस्त्र हल्ला, असा अर्थ आंतरराष्ट्रीय कायद्यात मान्य झालेला नाही.

आता आपल्या तुलनेकडे. २०१६ ची सर्जिकल स्ट्राइक असो, त्यानंतरच्या कारवाया असोत, तिथं लक्ष्य होतं दहशतवाद्यांचे तळ. तळ एका जागी असतो. त्यात प्रशिक्षण दिलेली माणसं असतात, ती मेली की तेवढं बळ कमी होतं. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सरकारला जबर किंमत मोजायला लावणं हा हेतू असतो. मेक्सिकोत हे गणित बसत नाही. तिथलं सरकार कार्टेलांना पोसत नाही, त्यांच्याशी लढत मरतं आहे. आणि कार्टेल ही मुळात पेढी आहे. दहशतवाद्याला मारलं तर त्याच्या जागी उभं राहण्याचा मोबदला मरण. तस्कराला मारलं तर त्याच्या जागी उभं राहण्याचा मोबदला पैसा, आणि माल तुटला की भाव चढतो, म्हणजे आणखी पैसा. हा एक फरक ध्यानात ठेवला तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

फेंटानिल या रसायनांपासून बनवलेल्या अमली पदार्थाचं वजन समजून घेतल्याशिवाय या वादात बोलू नये असं मला वाटतं. ते हेरॉइनपेक्षा सुमारे ५० पट तीव्र. अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा, डीईए, २ मिलिग्रॅम ही जीवघेणी ठरू शकणारी मात्रा मानते; पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी. आपली हापूसची पाच-सहा डझनांची लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणा. भरलेली पेटी पंधरा ते वीस किलोच्या घरात जाते. वीस किलो शुद्ध फेंटानिल म्हणजे २ कोटी मिलिग्रॅम, म्हणजे अशा १ कोटी मात्रा. एका पेटीच्या वजनात मुंबईच्या निम्म्याहून जास्त माणसांना पुरेल एवढं विष. अशा काही शे पेट्या म्हणजे टनांवारी माल, आणि तेवढ्यात अख्ख्या अमेरिकेचं वर्ष निघतं. गांजा किंवा कोकेनसारखी एकरांनी शेती लागत नाही, पावसाची वाट बघावी लागत नाही, उपग्रहातून दिसेल असं हिरवं रान नसतं. रसायनांचे ड्रम, थोडी भांडी, गोळ्या पाडायचं यंत्र आणि भाड्यानं घेतलेली खोली, एवढ्यावर भागतं. सिनालोआची राजधानी कुलियाकान, त्या शहरात वस्तीतल्या साध्या घरांत असे अड्डे सापडलेले आहेत. त्यावर बॉम्ब टाकायचा म्हणजे शेजारच्या घरावरही टाकायचा. बरं, टाकला, तर बुडालं काय? काही ड्रम आणि चार-सहा पगारी पोरं. आठवड्याभरात पलीकडच्या गल्लीत दुसरी खोली.

हा प्रयोग झालेला आहे, म्हणून इतक्या खात्रीनं म्हणतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेनं अफगाणिस्तानात, मुख्यतः हेलमंदमध्ये, हेरॉइनच्या 'प्रयोगशाळा' हवेतून उडवायला सुरुवात केली. मोहिमेचं नाव आयर्न टेम्पेस्ट. एफ-२२ हे जगातलं सर्वांत महागड्या लढाऊ विमानांतलं एक, त्याचा अफगाणिस्तानातला पहिला वापर या कामासाठी झाला. जोडीला बी-५२. लक्ष्य काय होतं? मातीच्या भिंतींचं आवार, त्यात पिंपं, चुली आणि पिळायचं यंत्र. तासाला हजारो डॉलर खाणारं विमान एका बाजूला आणि चार दिवसांत पुन्हा उभी राहणारी चूल दुसऱ्या बाजूला. दोनशेहून जास्त हल्ले झाले आणि २०१९ च्या सुरुवातीला मोहीम गुंडाळली. तालिबानच्या तिजोरीवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. पुढे अफूची लागवड खरोखर कोसळली ती एप्रिल २०२२ मध्ये तालिबाननंच बंदी घातल्यावर: २०२२ च्या २,३३,००० हेक्टरांवरून २०२३ मध्ये १०,८०० हेक्टर. तालिबानच्या राजवटीचं कौतुक करायचा प्रश्नच येत नाही, शेतकऱ्यांचे त्यात काय हाल झाले तेही जगानं पाहिलं. पण जमिनीवर ज्याची सत्ता चालते त्यानं केलं तर होतं आणि आकाशातून केलं तर होत नाही, हे या दोन आकड्यांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसत नाही.

"खोल्या सोडा, म्होरके टिपा," हे पुढचं म्हणणं. मेक्सिकोनं हे स्वतःच करून बघितलं. ११ डिसेंबर २००६ ला राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकानमध्ये ६,५०० सैनिक व पोलीस उतरवले. त्यानंतर एकेक बडा म्होरक्या टिपला गेला: डिसेंबर २००९ मध्ये आर्तुरो बेल्त्रान लेयवा, २०१२ मध्ये सेतास टोळीचा लास्कानो. सिनालोआ टोळीचा म्होरक्या एल चापो २०१४ ला सापडला, जुलै २०१५ मध्ये दीड किलोमीटरच्या भुयारातून पळाला, जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा सापडला आणि वर्षभरानं अमेरिकेच्या हवाली झाला. यश म्हणाल तर हे यश. आता खुनांचे आकडे बघा. २००७ मध्ये देशभरात ८,८६७. २०११ मध्ये २७,२१३. २०१८ मध्ये ३६,६८५. बेपत्ता नोंदवलेली माणसं २०२२ मध्ये एक लाखाच्या पलीकडे गेली.

असं का होतं, हे नीट बघण्यासारखं आहे. कार्टेलचा प्रदेश 'प्लाझा' नावाच्या तुकड्यांत वाटलेला असतो. एकेका प्लाझाचा एकेक मुकादम. त्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर तो पट्टी घेतो आणि तिथल्या पोलिसांना, नगराध्यक्षाला हप्ता पोचवतो. हे सगळे व्यवहार तोंडी असतात आणि वरच्या एका माणसाच्या शब्दावर चालतात. कुणाचं किती येणं, कुठली वाट कुणाची, हे त्याच्या डोक्यात. तो मेला की शब्दाला किंमत राहत नाही. मुकादम एकमेकांवर उठतात, उधारी बंदुकीनं वसूल होते. ज्यांच्याकडे वाट उरत नाही ते अपहरण, खंडणी, अ‍ॅव्होकॅडोच्या बागायतदारांकडून वसुली, असल्या धंद्यांकडे वळतात. एका मोठ्या टोळीच्या सात-आठ लहान होतात आणि लहान टोळी गावाला जास्त छळते. ताजं उदाहरण खुद्द सिनालोआचं. २५ जुलै २०२४ ला त्या टोळीचा दुसरा जुना म्होरक्या इस्माएल 'एल मायो' झांबादा याला विमानात घालून टेक्सासच्या एल पासोजवळ अमेरिकेच्या हवाली करण्यात आलं, आणलं चापोच्याच एका पोरानं. एकही बॉम्ब न टाकता चाळीस-पन्नास वर्षं हाती न लागलेला माणूस सापडला. ९ सप्टेंबरला कुलियाकानमध्ये मायोची माणसं आणि चापोची पोरं यांचं युद्ध पेटलं, आणि वर्षभरात हजारावर मुडदे पडले. शाळा बंद, लग्नं पुढे ढकललेली, संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सैन्य वापरण्याचा दुसरा धोका म्हणजे सैन्यच विकलं जाणं. सेतास टोळीचा जन्मच तसा. मेक्सिकोच्या सैन्यातल्या निवडक कमांडोंना गल्फ कार्टेलच्या ओसिएल कार्देनासनं १९९० च्या दशकाच्या शेवटी जास्त पगारावर फोडलं, आणि सरकारी खर्चानं शिकलेली युद्धकला टोळीच्या कामाला आली. आणि काल्देरोन यांच्या त्या युद्धाची सूत्रं ज्याच्या हाती होती तो सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना? फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं त्याला सिनालोआ कार्टेलकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. युद्धाचा सेनापतीच एका बाजूच्या पगारावर होता. मग कुठली टोळी ठेचली जात होती आणि कुठली मोकळी सुटत होती, हे वेगळं सांगायला नको.

रायगडकरांनी हे वाचून शेखाडी आठवावं. ९ जानेवारी १९९३ ला दिघीला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. ते पोलिसांकडे रायफली नव्हत्या म्हणून उतरलं का? दिघीच्या खेपेचे ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. तिथं सौदा झाला. लाचेची रक्कम हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि ट्रक पुढे गेले. कस्टमचे बडे अधिकारी मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. फाट्यावर उभ्या असलेल्या नाक्यानं आपलं काम केलं असतं, तर कुठलीही नौसेना लागली नसती. मेक्सिकोतल्या प्रत्येक प्लाझात असं एक गोंडघर आहे, आणि क्षेपणास्त्राला ते ओळखता येत नाही.

समुद्रावरच्या कारवाईबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळं बोलायला हवं. २ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेनं कॅरिबियनमध्ये व्हेनेझुएलाहून निघालेली एक वेगवान होडी हवेतून उडवली, ११ जण ठार झाल्याचं सांगितलं. पुढे असे हल्ले वाढत गेले आणि पॅसिफिकमध्येही झाले. पहिली गोष्ट, त्या वाटेनं जातं ते मुख्यतः कोकेन. अमेरिकेत माणसं मारणारं फेंटानिल मेक्सिकोतून जमिनीवरून येतं, त्या होड्यांचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरी गोष्ट, होडी थांबवायची रीत ठरलेली आहे आणि ती चालते. आधी दिवा आणि भोंगा, व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर थांबायचा हुकूम. ऐकलं नाही तर नाळेच्या पुढे पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या. तरीही पळाली तर अमेरिकन तटरक्षक दलाचा हेलिकॉप्टरमधला नेमबाज मोठ्या कॅलिबरच्या रायफलीनं आउटबोर्ड इंजिनाच्या डोक्यातच गोळी घालतो. फायबरच्या त्या होडीला मागे दोन-चार आउटबोर्ड असतात, ती एकेक करून बंद पडली की होडी पाण्यावर नुसती डुलत राहते. मग पथक चढतं. माणसं जिवंत हाती लागतात, जीपीएसमधला मार्ग मिळतो, सॅटेलाइट फोनमधले नंबर मिळतात, गोण्यांवरचे शिक्के मिळतात. खलाशी न्यायालयात उभा राहतो, आणि त्यातला एखादा माल कुणी भरला ते बोलतो. होडी उडवली की यातलं सगळं तळाला जातं. मेलेला खलाशी कुणाचं नाव घेत नाही. ज्याचा माल होता त्याच्या दृष्टीनं एक होडी आणि चार पोरं गेली, आणि साक्षीदारही गेला.

तिसरी गोष्ट सर्वांत काळजीची. उंचावरून पाहताना मच्छीमाराची होडी आणि तस्कराची होडी सारखीच दिसते. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्याजवळ इटलीच्या तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी आपल्या एका मासेमारी बोटीला चाचे समजून गोळ्या घातल्या, दोन मच्छीमार गेले. त्याआधी नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात आपल्या नौदलाच्या तबर या युद्धनौकेनं चाच्यांचं जहाज बुडवलं. चाचे होतेच त्यावर, शस्त्रंही होती. पण ते जहाज म्हणजे त्यांनी नुकताच पळवलेला थायलंडचा ट्रॉलर होता आणि त्याचे खलाशी आत बांधलेले होते. जगातल्या उत्तम नौदलांकडून, पूर्ण सद्‌हेतूनं, असं घडतं. पहाटे अंधारात दिवा न लावता, डिझेल वाचवायला शॉर्टकटनं निघालेल्या तांडेलावर उद्या कुणी आकाशातून निकाल द्यावा, हे मान्य करायचं का? मला मान्य नाही. ना आपल्या समुद्रात, ना त्यांच्या.

शेजारी दुखावला की काय होतं याचा तर मेक्सिकोत शंभर वर्षांचा दाखला पडला आहे. ९ मार्च १९१६ ला मेक्सिकोचा बंडखोर म्होरक्या पांचो व्हिला याच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर धाड घातली. अमेरिकेनं जनरल पर्शिंग यांना सुमारे दहा हजार सैनिकांसह आत पाठवलं. सोबत आठ विमानं होती. डोंगरातले वारे आणि वाळूनं ती महिन्या-दीड महिन्यात निकामी झाली. व्हिला ज्यांचा शत्रू होता त्या मेक्सिकोच्या सरकारी फौजांशीच जूनमध्ये कारिसाल इथं चकमक झाली. फेब्रुवारी १९१७ मध्ये पर्शिंग परतले. व्हिला सापडला नाही, उलट गावोगाव तो वीर झाला. ज्या देशानं १८४६-४८ च्या युद्धात आपली निम्म्याहून जास्त जमीन याच शेजाऱ्याला गमावली, तिथं परदेशी बूट दिसला की टोळीवाला मागे पडतो आणि झेंडा पुढे येतो. कुठलाही राष्ट्राध्यक्ष त्याविरुद्ध जाऊन टिकणार नाही.

बॉम्बची तरी कशाला, नुसत्या एका अटकेची किंमत बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोचे माजी संरक्षणमंत्री जनरल सिएनफुएगोस यांना मेक्सिकोला न सांगता लॉस एंजेलिसला पकडलं. मेक्सिको इतका भडकला की महिन्याभरात आरोप मागे घेऊन त्यांना परत पाठवावं लागलं. डिसेंबरमध्ये मेक्सिकोनं परदेशी एजंटांवर निर्बंध घालणारा कायदा केला, डीईएबरोबर काम करणारं तिथलं खास तपास पथकही पुढे बरखास्त झालं. या उलट बाजूला बघा. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लॉडिया शेनबॉम यांच्या सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवर नॅशनल गार्डचे १०,००० जवान नेमले, त्याच महिन्याच्या २७ तारखेला २९ बडे कैदी अमेरिकेच्या हवाली केले आणि ऑगस्टमध्ये आणखी २६. त्या पहिल्या २९ जणांत राफाएल कारो किंतेरो होता. १९८५ मध्ये डीईएचा अधिकारी किकी कामारेना याचा छळ करून खून झाला, त्या प्रकरणात अमेरिका चाळीस वर्षं त्याच्या मागावर होती. तो विमानात बसून आला, मेक्सिकोनं बसवून दिला. एक क्षेपणास्त्र सिनालोआत पडलं की ही विमानं बंद होतील.

समोरच्या बाजूचं म्हणणं पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं एक लाखाहून जास्त माणसं मेली, बहुतेक फेंटानिलनं. मेक्सिकोतले कित्येक भाग सरकारच्या हाती नाहीत हेही खरं. १७ ऑक्टोबर २०१९ ला कुलियाकानमध्ये सैन्यानं चापोचा मुलगा ओविदियो याला पकडलं, तेव्हा शेकडो बंदूकधारी शहरात उतरले, ट्रक-बस पेटवून चौक अडवले, सैनिकांच्या कुटुंबांच्या वसाहतीवर गोळीबार केला. सरकारनं काही तासांत त्याला सोडून दिलं. सरकारला असं गुडघे टेकताना पाहिल्यावर वॉशिंग्टनमधल्या माणसाचा संयम सुटला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. पण ५ जानेवारी २०२३ ला मेक्सिकोच्याच सैन्यानं त्याला पुन्हा पकडलं. दहा सैनिक त्यात मेले. त्याच सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेला दिला गेला. बळ लागतंच. ते त्या भूमीच्या सरकारचं असावं लागतं, आणि शेजाऱ्यानं त्यामागे माहिती, पैसा, तपासाची मदत उभी करावी लागते.

शिवाय त्या दिवशी कुलियाकानच्या चौकात दिसलेल्या बंदुका आल्या कुठून? पॉइंट फिफ्टी कॅलिबरच्या, चिलखती गाडी भेदणाऱ्या रायफली. मेक्सिकोत कायदेशीर बंदुकांची दुकानं लष्कराच्या ताब्यात, तीही बोटांवर मोजण्याइतकी. माग काढायला दिलेल्या बंदुकांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या निघतात. टेक्सास-अ‍ॅरिझोनाच्या दुकानांतून एकेक, दोन-दोन, स्वच्छ नोंदीच्या माणसाच्या नावावर घेतलेल्या. मेक्सिकोनं बंदूक कंपन्यांवर केलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये एकमतानं फेटाळला. माल उत्तरेला जातो, लोखंड दक्षिणेला येतं, आणि दोन्ही त्याच ३,१४५ किलोमीटरच्या सीमेवरून. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांची झडती नीट घेतली तर सिनालोआतल्या कित्येक शेडांवरच्या बॉम्बपेक्षा जास्त काम होईल, असं माझं ठाम मत आहे. त्याला परवानगीही कुणाची लागत नाही.

माल आत जातो तोही रानातून, पाठीवर पिशवी टाकून नव्हे. पकडलेलं बहुतांश फेंटानिल अधिकृत नाक्यांवर, साध्या मोटारींत आणि ट्रकांत सापडतं आणि शिक्षा झालेले वाहक बहुसंख्येनं अमेरिकन नागरिक असतात, कारण त्यांच्या गाडीची झडती कमी होते. कच्ची रसायनं येतात मुख्यतः चीनहून, मान्सानियो आणि लाझारो कार्देनास या पॅसिफिकवरच्या बंदरांतून. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं गुजरातमधल्या दोन रसायन कंपन्यांवरही अशा पुरवठ्याचे खटले भरले, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातही आहे. ड्रमवर लेबल काय आणि आत काय, हे नमुना तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे न्हावा शेवाला सप्टेंबर २०२२ मध्ये ज्येष्ठमधाचा कंटेनर पकडला होता. काड्यांना हेरॉइनचा लेप दिलेला, एकूण माल सुमारे २२ टन, त्यातलं हेरॉइन साडेतीनशे किलोच्या आसपास. मुंद्र्याला २०२१ मध्ये टाल्कच्या नावाखाली २,९८८ किलो. हे पकडायला लागली ती खबर, कागद वाचणारा तपासनीस आणि प्रयोगशाळा. बंदुकीचा संबंध आला नाही.

अमेरिकेतले अतिसेवनाचे मृत्यू २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास उतरले. विषबाधा उलटवणारा नालोक्सोनचा फवारा २०२३ पासून तिथं चिठ्ठीशिवाय मिळतो, उपचार वाढले, आणि मालातलं फेंटानिलचं प्रमाणही कमी झाल्याचं डीईएच्या तपासण्यांत दिसलं. हे सगळं मेक्सिकोवर एकही बॉम्ब न पडता झालं.

शेवटी आपल्या किनाऱ्याचं एक काम सांगून थांबतो, कारण पावसाळा आला की ते पुन्हा उपयोगी पडेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशी, मुरूड, कोळथरे, बुरोंडी या दापोलीच्या किनाऱ्यांवर उधाणाबरोबर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेल्या चरसच्या पुड्या येऊन पडल्या. सगळी मिळून अडीचशे किलोच्या वर. एकेक पुडी किलोपेक्षा थोडी जड. कायद्यात १ किलोच्या वरची चरस व्यापारी मात्रा धरतात. म्हणजे कुतूहल म्हणून एक पुडी घरी नेलेल्या माणसावर १० ते २० वर्षांच्या सक्तमजुरीचं कलम लागू शकतं आणि त्यात जामीन मिळणं फार अवघड. म्हणून पुडी दिसली तर उचलू नका, फोडू नका, वास घेऊ नका. भरती चढत असेल तर ती पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून कुणाला तरी तिथं उभं करा, लांबून फोटो काढा, ओळखीची खूण आणि वेळ लिहून ठेवा. सागरी पोलिसांचा नंबर १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, दोन्ही न लागल्यास ११२. पोलीस किंवा कस्टमची माणसं आली की पंचनामा जागेवरच होऊ द्या, आणि पंच म्हणून सही करताना पुड्यांची संख्या, वजन आणि सील स्वतः बघून मगच करा. खटला पुढे टिकतो तो त्या सहीवर.